पांढरं बॅकग्राउंड

आठवडाभर मी माणसांमागे पांढरं कापड धरतो.
हनुवटी थोडी खाली. चष्मा काढा. हसू नका.
मुलुंड कॉलनीत, पिठाच्या गिरणीला लागून,
दहा बाय आठचं दुकान.

रविवार डोंगराचा.
फाल्गुन लागला की मी चारला उठतो,
ट्रायपॉड खांद्यावर, बाटलीत कोकम,
उजाडायच्या आत वरच्या कातळावर.
खातं म्हणतं, आकाश निरभ्र.
डोंगराला कुणी कळवत नसावं.

गेल्या खेपेला पूर्वेचा वारा, भट्टीतून सुटल्यासारखा,
ट्रायपॉडचा एक पाय हातात धरून बसलो.
त्याच्या आदल्या खेपेला धूळ,
समुद्रापलीकडच्या कुठल्याशा वाळवंटाची.
पांगारा विटकरी दिसत होता
आणि मी त्याला लाल करण्यात
अख्खी सकाळ घालवली.

आज धुकं.
अठरा मार्चला, घामोळ्यांच्या दिवसांत, धुकं!
तुळशी तलाव गेला. खाडी गेली.
टॉवर कधी जात नाहीत, तेही गेले,
बत्तीस मजले, क्रेनसकट.
दहा पावलांवर पळस होता
हे मला आठवावं लागलं.

शटरवर बोट नुसतंच.
कशाचा काढणार?

आधी खोकला आला.
मग लाकडाची मोळी,
मग मोळीखालची लखमी वरठा.
"तूच ना रे फोटोवाला? मला हाकललंस त्या दिवशी."
"हाकललं नाही मावशी, ऐंशी रुपये सांगितले."
"तेच ते."
मोळी टेकवून ती उभी राहिली.
"घराच्या कागदाला फोटो मागतात.
मागे पांढरं पाहिजे म्हणे."
मान वळवून तिने एकदा मागे पाहिलं.
"हे काय कमी पांढरं आहे?"

पदर सारखा केला. केसातली काटकी काढली.
मी सवयीने म्हणालो, हसू नका.
"हसतंय कोण?"

दोन झाले.
तिसऱ्याला वारा फिरला,
धुकं तिच्या डाव्या कानामागून फाटलं
आणि पळस आत आला,
एकच फांदी, तीन फुलं,
ओली.

तिन्ही छापून दिले. पैसे घेतले नाहीत,
तिने करवंदांचा द्रोण ठेवला, कच्ची, लोणच्याची.
ऑफिसात तिने तिसराच पुढे केला.
साहेब म्हणाले, मागे झाड दिसतंय, चालणार नाही.
"दिसणारच," ती म्हणाली, "तिथंच तर राहते."
हे तिनेच सांगितलं, दुकानाच्या पायरीवर बसून,
दुसरा कुठला दिला ते मात्र सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी आकाश निरभ्र,
खात्याने सांगितलं तसं.
सगळं दिसत होतं, टॉवरच्या खिडक्यांसुद्धा.
पळसाखाली फुलांचा सडा, वर काही नाही.
कॅमेरा काढायला पिशवीत हात घातला
तर हाताला पांढरं कापड लागलं,
नीट घडी केलेलं.
कधी ठेवलं, आठवेना.