सोळा, आठ, एक

किंबल, नेब्रास्का. प्रयोगशाळा म्हणजे
धान्यकोठाराला पाठ लावून उभी एक खोली.
बाहेर शून्याखाली अकरा.
काचेच्या बशीत ओला टीपकागद,
त्यावर चिमट्याने मांडते वरीचे दाणे:
कडेला सोळा, आत आठ, मधोमध एक.
अशा सोळा बश्या. चारशे दाणे,
मर्ल स्टुकनहोल्ट्झच्या गेल्या हंगामातले.

दिसायला लख्ख. पिवळे, गुळगुळीत,
चिमट्यातून टुणकन उडणारे.
क्लोरीनच्या पाण्यात मिनिटभर बुडवले, धुतले.
वरचं निघतं.
आतलं आतच राहतं.

बारा तास उजेड, बारा तास अंधार.
तिसऱ्या दिवशी मोड आले.
आमच्याकडे फुटण्यालाही मोड म्हणतात
आणि तुटण्यालाही.
हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही.

पाचव्या दिवशी, कडेच्या नवव्या दाण्यावर
कापूस. फिकट गुलाबी. फ्युजेरियम.
शेजारी कर्व्ह्युलेरिया, काळी,
भिंगाखाली तिचे बीजाणू काजूगरासारखे वाकडे.
सुंदर म्हणवत नाही,
आणि खोटंही बोलवत नाही.

मेलेले मोजणं सोपं.
अवघड ते, जे उगवले:
कोंब वर आला, पान उलगडायला लागलं,
आणि खाली मूळ तपकिरी, अर्ध्यात थबकलेलं.
त्यांच्यासाठी तक्त्यात रकाना आहे, 'असामान्य'.
उगवणीत धरत नाहीत.
एकाला मी तीनदा उचलून उजेडात पाहिलं.
मग त्याच रकान्यात लिहिलं.

एकसष्ट टक्के.

मर्ल स्वतः आला, टोपी हातात घेऊन.
कापून ओळींनी टाकलं होतं, म्हणाला,
आणि नऊ दिवस पाऊस.
जणू दाण्यांच्या वतीने कबुली देत होता.
"बियाणं नाही तर नाही. पाखरांच्या पिशव्यांत तरी जाईल?"
बुरशी लागलेलं त्यांनाही नको, मी म्हटलं.
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
बर्फावर चंडोल काहीतरी टिपत होते,
त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी बश्या आवरताना अकरावी हातात आली.
भोवतीचे चोवीस राखाडी लवेत बुडालेले,
मधला एक सरळ,
मूळ पांढरंशुभ्र, बोटाच्या पेराएवढं.
त्याच्याही आत असेल.
सात दिवस पुरले नसतील, इतकंच.

झाकण फिरवून घट्ट केलं.
एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं.
नियमांत मधल्यासाठी
वेगळं काही लिहिलेलं नाही.