पट्टी नंबर सहा

टॅबवर ते फुलपाखरासारखं दिसतं.
मधे गाठ: रुईला आग.
डाव्या पंखात तिच्याकडे येणाऱ्या वाटा,
कापसातून आलेला गारगोटीचा खडा,
तापलेलं बेअरिंग, कुणाच्या खिशातली बिडी.
उजव्या पंखात जे जे होईल ते.
आणि प्रत्येक वाटेवर आडव्या पट्ट्या:
चुंबक, फवारा, वाळूच्या बादल्या, हायड्रंट.
पट्टीवर बोट ठेवलं की ती उघडते,
सांगते कोण बघतं, शेवटचं कधी बघितलं.

डिसेंबरात, सकाळी अकराला,
धरणगावच्या जिनिंगमधे सगळं हिरवं होतं.
मी खूश. नाकात तंतू,
पाठीमागे चोवीस जिन घरघरत.

हुरमतबाई तडवी सरकी ओढता ओढता थांबली.
फावडं भिंतीला टेकवून म्हणाली, दखाड भाऊ.
मी दाखवलं.
तिनं सहाव्या पट्टीवर बोट ठेवलं.
काही उघडलं नाही.
लुगड्याला पुसून पुन्हा ठेवलं.
वीस हंगाम बोंडांच्या टोकांनी
तिचं बोट इतकं निबर केलेलं
की काचेला ते बोट वाटेना.

"ऱ्हाऊ दे. मी सांगस.
व्हालनी चावी सुपडूनानाकडे,
नि नाना गया पारोळाले, लगीनले."

मी पट्टी उघडली.
जबाबदार: सुपडू धनगर.
शेवटची तपासणी: आज, सकाळी नऊ.
ती ओळ मीच भरली होती,
चहा पिता पिता,
मागच्या आठवड्यावरून जशीच्या तशी.

पट्टी लाल केली.
त्यासरशी उजव्या पंखातली एक वाट
गाठीपासून सुटली
आणि कुठंही न अडता
शेवटच्या चौकटीत जाऊन लुकलुकू लागली.

"यामा मी कोठे शे?"

चौकटीत लिहिलं होतं:
सरकी विभाग, पहिली पाळी, अकरा जण.
मी टॅब छातीशी धरला.
म्हटलं, आधी बाहेर चला सगळे.

चोवीस जिन थांबायला चार मिनिटं लागतात.
मग इतकं शांत झालं
की एरंडोल रस्त्यावरची बैलगाडी ऐकू आली,
आणि माझ्या खिशातला मालकाचा फोन.

हुरमतबाई सर्वांत शेवटी निघाली.
दारातल्या वाळूच्या बादलीत वाकली,
हात घातला, मूठ उघडून दाखवली.
बिडीची थोटकं. सात-आठ.
"हाई," तिनं विचारलं, "कितवी?"