एका भाकरीचं पीठ

दगड मीच आणला, लुनावर, पायांच्या मधे धरून,
होटगी रोडच्या गुरुसिद्धाकडून.
तो एरवी पाटे घडवतो, देवळाच्या पायऱ्या,
क्वचित एखाद्याच्या नावाची फरशी.
त्याला फोटो दाखवला: उत्खननातला दगड,
तीन हजार वर्षांचा, मधे चार बोटं खोल.
गुरुसिद्ध म्हणाला, खोलगा पाडून देऊ का?
दोनशे जास्त पडतील.
नको, सर म्हणाले. सपाटच द्या.
आपणच झिजवू.

रविवारी शाळेच्या मैदानात
मांडववाल्याच्या बांबूंचं गोल घर उभं राहिलं,
शेणामातीनं लिंपलेलं, एका बाजूला कललेलं.
मुलांनी पोत्यांचे अंगरखे घातले;
उलटे शिवूनही एकाच्या पाठीवर
साखर कारखान्याचं अर्धं नाव दिसत होतं.
तेव्हा लोक जव खात, सर म्हणाले.
जव इथं पूजेच्या दुकानात मिळतात, पुडीत.
तेवढ्यात एक श्राद्ध होईल, भाकरी नाही.
मग मालदांडी घेतली.
तशी नोंदही केली. खोटं नको.

नोंदवहीत रकाने: नाव, वय, धान्याचं वजन,
वेळ, शेरा.
शिट्टी वाजली की गुडघ्यांवर बसायचं,
पायाची बोटं मुडपून,
आणि वरचा दगड दोन्ही हातांनी
ढकलायचा, ओढायचा, ढकलायचा.
तिसऱ्या मिनिटाला पहिला पोरगा दोस्ताला म्हणाला,
'स्विच कुठंय बे याचा?'
अख्खी रांग हसली.
शेऱ्यात मग काय काय आलं:
तळहात भाजले. दाणे पळतात.
आईला फोन लावला.
एकीनं नुसतंच लिहिलं, 'रोज?'

नरसम्मा चिट्याल नातवाला न्यायला आली होती,
विड्यांचं सूप काखेत.
सगळे म्हणाले, आजी, तुम्ही दाखवा की, तुम्हाला येत असेल.
तिनं दगड नीट बघितला.
मग विचारलं, 'हिला हजारी किती होती?'
सरांना कळेना. मला कळलं.
विड्यांची मजुरी हजारावर मिळते.
तसा रकानाच नव्हता.
ती बसली नाही. नातवाच्या केसांतलं पीठ झटकलं
आणि गेली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी बसलो.
माझं काम खरं तर हजेरीचं आणि चहाचं.
सर सावलीतून सांगत होते,
कुठल्याशा देशात बायकांचे सांगाडे निघाले,
पायाच्या अंगठ्याची हाडं दबलेली,
असंच बसून, असंच बसून.
मला बाप आठवला.
आमच्या गावात गिरण्या दोन जातीच्या,
एक पिठाची, एक भोंग्याची.
बाप भोंग्याच्या गिरणीत, साचेखात्यात.
ती बंद पडली, त्यानंतर वीस वर्षं
तो घरात ओरडूनच बोलायचा.
मीठ द्या, हे सुद्धा.
हाड राहतं. कान कुठल्या मातीत राहतात,
हे सरांना विचारायचं होतं.
दम लागला होता.

एक्केचाळीस मिनिटं. एका भाकरीचं पीठ.
उठताना गुडघा कटकन वाजला, पोरं हसली,
सर म्हणाले, लिहा, लिहा, शेऱ्यात घ्या.
मी लिहिलं: कट.

संध्याकाळी दगडावर पट्टी आडवी धरली.
बासष्ट माणसं, आठ तास,
आणि पट्टीखालून कागद सरकेना.
सर गणित मांडत बसले, किती सकाळी, किती जणी,
सासू किती वर्षं, तिच्यामागून सून किती.
मी बांबू मोजून मांडववाल्याला परत देत होतो.
एका पोरीनं भाकरी भाजली होती,
तुकडे तुकडे वाटले, वर शेंगाचटणी.
माझ्या घासाला दाढेखाली
कच्च झालं.

म्हणजे झिजला होता.
तेवढा, राईएवढा, झिजला होता दगड.
सरांना हाक मारणार होतो,
पण तोंड भरलेलं होतं.
गिळून टाकला.