टाचण्या वेचायचा लोहचुंबक

बिराजदार म्हणाले, खोलीत गॅस चालणार नाही,
विजेची शेगडी आणा, लाइटबिल वेगळं.
म्हणून लातुरात, आठ बाय दहाच्या या खोलीत,
लेकीच्या वह्यांच्या थप्पीशेजारी
ही काळी काच येऊन बसली.
पुसलेल्या पाटीसारखी.

मी उदगीरचा शिंपी.
दुकान पद्मिनीच्या हवाली करून आलोय
दोन वर्षं लेकराला रांधून घालायला.
पहिल्या सकाळी ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवलं, बटण दाबलं.
टीं टीं टीं.
पातेलं उचललं, बूड पुसलं, परत ठेवलं.
टीं टीं टीं.
वाटलं, दोरा ओवायचा राहिलाय कुठंतरी.

भार्गवीनं पुस्तकातून मान वर केली नाही.
"बाबा, लोहचुंबक आहे का?"
शिंप्याला विचारते!
सदऱ्याच्या खिशातच होता,
नालाच्या आकाराचा, लाल रंग उडालेला,
सांडलेल्या टाचण्या वेचायचा.
"बुडाला लावून बघा. चिकटला तर चालेल."

मग भांड्यांची मापं घ्यायला बसलो.
पितळी गंज, आमच्या लग्नातला: नाही.
पातेलं: घसरून पडला.
स्टीलचा डबा चकचकीत, वाटलं हा तरी,
त्यानंही ओळख दाखवली नाही.
फक्त भाकरीचा तवा. खट्!
पण तव्याचं बूड वर्षानुवर्षं ठोकरलेलं,
काचेवर ठेवला की डुलायचा
झोप न झालेल्या पोरासारखा.

गंजगोलाईत दुकानदार हसला,
"मामा, सोनं पारखताय का?"
मी एकेक भांडं उलटं करत राहिलो.
शेवटी एक पातेलं असं धरून बसलं
की चुंबक ओढून काढावा लागला.
तेच घेतलं. आणि एक सपाट तवा.

आता आकडे हाताला कळतात.
दूध चारशेवर, तरी नजर काढायची नाही.
फोडणी आठशेवर. बाराशेवर टाकली तेव्हा
मोहरी तडतडायच्या आधीच काळी झाली
आणि भार्गवी खोकत गॅलरीत गेली.
वरण बाराशेवर एक शिट्टी, मग सहाशे.
मलमल आणि खादी
एका टाक्यात शिवत नाहीत, एवढं तर येतं मला.

भाकरीनं मात्र रडवलं.
हिला जाळच नाही.
फुगवायची कुठं?
पाणी फिरवून उलटली, फडक्यानं कडेकडेनं दाबत गेलो,
एका जागी टम्म, एका जागी कच्ची.
भार्गवीनं कोरड्यासात कुस्करून खाल्ली,
म्हणाली, "काच तापत नाही बाबा, भांडंच तापतं,
आतल्या आत प्रवाह फिरतो, भोवऱ्यासारखा."
जेवताना एवढं बोलली, तेच पुष्कळ.

पहाटे साडेपाचला अख्ख्या गल्लीत टीं टीं ऐकू येतं.
कुणाची आई परळीची, कुणाचा बाप कळंबचा,
सगळ्यांच्या शेगड्या एकदम लागतात
आणि व्होल्टेज पडतं.
मग अंधारात आम्ही सगळे थांबतो,
कणकेचे हात वर धरून.

काल पद्मिनीचा फोन आला.
"पायात टाचणी गेली. दुकानभर टाचण्याच टाचण्या.
चुंबक कुठं ठेवलाय?"
म्हटलं, बघतो.

खिशात नव्हता. डब्यामागं नव्हता.
मालकाच्या लोखंडी कपाटावर सापडला,
परीक्षेच्या निकालाचा कागद धरून ठेवलेला.
कागद उलटा लावलेला, कोरी बाजू बाहेर.
ती पाठमोरी झोपली होती,
झोपली नव्हती.

हात तिथपर्यंत गेला होता माझा.

पद्मिनीला कळवलं, सध्या झाडूनं भागव.
आणि वरण सहाशेवर आणून
शिट्टीची वाट बघत बसलो.