त्रेचाळीस अंश

सेगेदमध्ये रात्रीचे दोन.
पिरोश्काच्या काचेच्या सुईला
एक पेशी चिकटलीय, श्वास रोखून.
मिरचीचा अर्क, थेंबभर,
आणि पडद्यावरची रेघ धाडकन खाली:
दार उघडलं.
उंबरठा त्रेचाळीस अंशांचा,
मिरचीला तेवढी सूट.
तिखट काय, निखारा काय,
दार दोघांनाही आगच म्हणतं.

अकरा वर्षं ती शोधतेय
हे लावायचं कसं.

रविवारी गावी गेली, तर आई
लाल मिरच्यांची माळ ओवत बसलेली,
पाय शेगडीला टेकलेला,
मोजा करपलेला.
साखरेनं तळव्यांची सगळी दारं
केव्हाच लावून घेतलेली.
"काही दुखत नाही गं," आई हसली.

पिरोश्का फोडावर
फुंकर घालत राहिली,
उगाच.