शाईवाला

दुपारी दोनला, ऊन चव्वेचाळीसवर,
नीलम नगरच्या शाळेत परदेशी निरीक्षक आले.
तिघं. गळ्यात ओळखपत्रं, हातात वह्या.
भिंतीवरचा बाराचा पाढाही टिपून घेतला असणार.

मी मतदान अधिकारी क्रमांक दोन. शाई लावतो.
नरसम्मा गड्डमच्या बोटावर लावू कुठे?
तंबाखूनं नख आधीच काळं.
त्यांच्यातली उंच बाई वाकून बघते, लिहिते.

मग विचारते, कुणाचा दबाव?
इंग्रजीचं हिंदी दुभाषा करतो,
हिंदीचं तेलुगू मी.
नरसम्मा म्हणते, हजार विड्यांचा असतो रोज.
आज तोही नाही, मजुरीही नाही.
माझ्याकडून दुभाष्याकडे, तिथून वहीत
पोचेपर्यंत उरतं :
नाही.

बाईच्या खांद्यावर टॉवेल, घामानं चिंब.
नरसम्मा न विचारता त्याचं टोक उचलते,
खिडकीतल्या उजेडात धरते,
अंगठ्यानं घासते,
काठ उलटून बघते बराच वेळ.
"वीण आपल्याकडचीच. शिलाई कुणाची कोण जाणे."
आणि मशीनकडे जाते.

काय म्हणाली ती?
पेन थांबलेलं.

मी बाटलीत काडी बुडवतो.
पुढचे कोण, या.