तळ

तीन रात्रींत पाच कोंबड्या.
दार शाबूत, कडी शाबूत,
कोपऱ्यात मुठीएवढं बीळ
आणि तलंगीचं एक पीस मातीत उभं.

बस्त्याव गवंडी उकिडवा बसला.
"दारातसून नाय गे कोंसू,
भुयखालसून येता ता मुंगूस."

खुराडा उचलून माडाच्या बुंध्याशी ठेवला,
वीतभर माती उपसली.
वेंगुर्ल्याहून आणलेली जाळी अंथरली,
लोखंडी, करंगळी जाणार नाही अशी,
कडेने हातभर बाहेर आडवी पुरली,
तिच्यावर चिऱ्याचे तुकडे, फुटकी कौलं.
खाऱ्या वाऱ्यात चार पावसाळे टिकेल म्हणाला,
आणि मजुरीतले पन्नास सोडून
अंडी मागितली. नव्हतीच.

झुंजूमुंजू होताना खरवड ऐकू आली.
बॅटरी घेऊन धावले, अनवाणी.
बाहेर कोणी नव्हतं.
आत, उरलेली कवडी कोंबडी
उकरत होती,
नखं तारेवर वाजत होती
किर्र, किर्र,
थांबून वाकून बघत होती
जमीन कुठे गेली.

दोन घमेली माती आत ओतली.
थोडी चुलीतली राख.
तिने लगेच खड्डा केला,
पंख पसरून लोळली,
डोळ्यांवर धूळ, एक पाय वर.

मी नखातली माती काढत बसले.
बस्त्यावची अंडी अजून देणं आहेत.